समासातला वास

'आम्ही' या सर्वनामाने लिहिण्याची आम्हा दोघांची सवय जुनी आहे. एकाच विषयाचे दोन अध्यापक एका घरात राहतात तेव्हा मसुदा कोणी लिहिला आणि कोणी खोडला याचा हिशेब फार दिवस टिकत नाही. आजवरचे आमचे बरेवाईट लेखन याच सर्वनामाच्या आडोशाने झाले. प्रस्तुत लेखात मात्र ते जागोजागी उसवणार आहे. ज्या गोष्टीविषयी लिहायचे ती आमच्यापैकी एकीच्या नाकाला कळत होती, दुसऱ्याच्या नाकाला ती कळणे शक्यच नव्हते, आणि तरीही सुमारे तीन महिने त्या दुसऱ्याचा शब्द घरात अंतिम मानला गेला. सोयीसाठी या दोघांना आपण 'ती' आणि 'तो' म्हणू. गोष्ट आमच्या मोटारीतल्या पेट्रोलच्या वासाची आहे.

वर 'अध्यापक' म्हटले, 'प्राध्यापक' म्हटले नाही, हे जाणत्यांच्या लक्षात आले असेल. दोघेही मराठीचे एम.ए., दोघेही सेट उत्तीर्ण, दोघेही चाळिशीत, आणि दोघेही तासिका तत्त्वावर. सोलापूरहून अडुसष्ट किलोमीटरवरच्या एका तालुक्याच्या गावी दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत आम्ही शिकवतो. २०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप लांबत गेला तेव्हा उसनवारी करून एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. २०१५ सालची, आधीच्या मालकाने बऱ्यापैकी सांभाळलेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात करोनाने 'त्या'चे घ्राणेंद्रिय नेले होते. ते पुढे परत आले, पण निम्मेअधिक तिकडेच राहिले. कांदा भाजल्याचा वास येतो, जळल्याचा येत नाही. पेट्रोलचा तर मुळीच नाही.

मार्च २०२४ मध्ये एके दुपारी महाविद्यालयाच्या आवारात उन्हात तापलेल्या गाडीचे दार उघडताना ती म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय." त्याने वाकून गाडीखाली पाहिले. जमीन कोरडी होती. "कुठेही गळत नाही," तो म्हणाला. हे उत्तर चुकीचे नव्हते. फक्त ते वेगळ्या प्रश्नाचे होते. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा सांगितले, त्याने पुन्हा वाकून पाहिले. तिसऱ्या वेळी तो वाकलाही नाही. मग तिने सांगणे सोडले आणि पेट्रोलच्या हिशेबाच्या वहीत, तारीख, लिटर आणि रुपये यांच्या शेजारच्या समासात, बारीक अक्षरात 'वास' एवढाच शब्द लिहायला सुरुवात केली.

वासाविषयी बोलणे मुळातच कठीण. मराठीत त्यासाठी शब्दांची वानवा नाही. दर्प आहे, भपकारा आहे, परिमळ आहे. आंबूस, कुबट, खमंग, उग्र अशी विशेषणांची रांग आहे. कवितेतल्या इंद्रियसंवेदना शिकवताना ती हे सगळे फळ्यावर लिहीत आली आहे. पण "किती येतो?" या प्रश्नाला भाषेत माप नाही. उजेडाला, आवाजाला, तापाला यंत्रे आहेत आणि त्यांचे आकडे आहेत. वासाला घरात एक नाक असते, आणि ते नाक कोणाचे आहे यावर त्याची किंमत ठरते.

एप्रिलच्या सुरुवातीला डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. आता पुरावा मिळाला, असे दोघांनाही वाटले. पुरावा कशाचा, याबद्दल मात्र आमची मते भिन्न होती. आम्ही गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या सल्लागाराने स्कॅनर लावला आणि कागद छापून 'त्या'च्या हातात दिला. तिने वासाचे सांगितले. तेव्हाही उत्तर मिळाले ते 'सर' या संबोधनाने सुरू होणारे. कागदावर पी०१७२ असा संकेत होता. हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणात पेट्रोल प्रमाणाबाहेर आहे, असा त्याचा अर्थ. पेट्रोलचे इंजिन साधारण चौदा-पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनाने, या प्रमाणात नीट चालते. ते बिघडले की नाही हे धुराच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. सल्लागाराने सेन्सर बदलायला सांगितले. चार हजार आठशे रुपये. दिवा विझला आणि नऊ दिवसांनी पुन्हा लागला. मग इंजेक्टर साफ झाले, दोन हजार दोनशे. दिवा विझला, पुन्हा लागला. तिसऱ्या फेरीला इंधन पंपासकट अकरा हजारांचा अंदाज हातात पडला. आमची दोघांची मिळून त्या सत्राची शेवटची देयके तेव्हा मंजूर व्हायची होती.

येथे आमच्या पेशाला शोभणारी एक कबुली दिली पाहिजे. निरोप देणाऱ्यालाच दोषी धरण्याची चूक आम्ही उत्तरपत्रिकांत रोज दाखवतो. कवितेतला निवेदक म्हणजे कवी नव्हे, हे पदवीच्या पहिल्या वर्षाला सांगताना आमचा घसा कोरडा पडतो. आणि येथे एक सेन्सर मिश्रणात पेट्रोल जास्त असल्याचे निवेदन प्रामाणिकपणे करीत होता, आणि आम्ही पैसे मोजून त्यालाच काढून टाकले. संकेत म्हणजे बिघडलेल्या भागाचे नाव नव्हे. तो एक वाक्य आहे, त्यात कर्ता अध्याहृत आहे. पेट्रोल जास्त येत आहे, इतकेच ते म्हणते. कुठून, हे वाचणाऱ्याने शोधायचे असते. छापील अक्षराचा आमच्यावरचा प्रभाव मात्र असा की कागदावर संकेत आला आणि समासातला 'वास' आणखीच पुसट झाला.

पेट्रोल इंजिनापर्यंत जाण्याच्या वाटा दोन असतात. एक सर्वांना ठाऊक असलेली, पंप आणि इंजेक्टर यांची. दुसरी वाफेची. टाकीतले पेट्रोल उन्हाने तापते, त्याची वाफ होते, आणि ती मोकळी सोडली तर हवेत जाते. म्हणून टाकीपासून एक नळी कोळशाच्या एका डब्याकडे जाते, त्याला कॅनिस्टर म्हणतात. आत सक्रियित कोळशाचे दाणे असतात. त्या दाण्यांतली छिद्रे इतकी सूक्ष्म आणि इतकी असंख्य की एका ग्रॅमचे एकूण पृष्ठ पाचशेपासून पंधराशे चौरस मीटरपर्यंत भरते. वाफ या पृष्ठावर चिकटून राहते. शास्त्राच्या पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. (उपसर्ग काढून टाकला तर त्या शब्दाशी आमचा परिचय अधिक जुना आहे.) इंजिन गरम होऊन चालू लागले की संगणक पर्ज व्हॉल्व्ह नावाची एक छोटी विजेवरची झडप थोडी थोडी उघडतो. इंजिनाच्या ओढीने डब्यातून ताजी हवा खेचली जाते, ती साठलेली वाफ सोबत घेते, आणि ती इंजिनात जळून जाते. डबा रिकामा होतो, दुसऱ्या दिवशीच्या उन्हासाठी तयार होतो. वीज नसेल तेव्हा ही झडप घट्ट मिटलेली असायला हवी.

ही सारी यातायात कशासाठी, याचा शोध घेताना आम्हाला एक माणूस भेटला, तो विषयांतराचा दोष पत्करूनही सांगितला पाहिजे. आरी यान हागेन-स्मिट हे हॉलंडमध्ये जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादावर संशोधन करीत होते. अननसाचा वास नेमक्या कोणत्या द्रव्यांचा, हे शोधण्यासाठी ते त्याची वाफ थंड करून पकडीत. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या डोळे झोंबवणाऱ्या धुरक्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांनी अननसाऐवजी शहराची हवा त्याच पद्धतीने पकडली. मोटारींतून आणि तेलाच्या कारखान्यांतून सुटणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येतात आणि त्यातून ओझोन आणि इतर दाहक द्रव्ये तयार होतात, हे त्यांनी दाखवले. तेलउद्योगाच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी त्यांचे म्हणणे प्रथम खोडून काढण्याचा प्रयत्न केला. पुढे कॅलिफोर्नियात १९७० सालच्या गाड्यांपासून आणि पुढच्या वर्षी अमेरिकाभर टाकीची वाफ अडवणे सक्तीचे झाले. आपल्याकडच्या बीएस-६ च्या चाचणीतही गाडी बंद खोलीत ठेवून सुटलेली वाफ मोजतात. मर्यादा एका चाचणीला दोन ग्रॅमची. वासाच्या अभ्यासकाने हा डबा जगाच्या मोटारींत आणला, ही गोष्ट तिला फार आवडली. तिने ती दोनदा सांगितली. दुसऱ्या वेळी त्याच्याकडे पाहून.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्या वाफेची ही वाट स्वतः तपासतात. संगणक वाट बंद करतो, आतला दाब टिकतो का ते पाहतो. प्रथम एक मिलिमीटरचे आणि पुढच्या काळातल्या गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरचे छिद्रही त्याला कळते. टाकीचे झाकण सैल राहिले तरी तिथे दिवा लागतो. लहान गळती, अतिलहान गळती, मोठी गळती यांना वेगवेगळे संकेत आहेत, आणि कारखान्यांत वाफेच्या वाटेत पांढरा धूर सोडून तो कुठून डोकावतो ते शोधतात. आमच्या गाडीत ही सोय नाही. वाफ बाहेर जाते आहे की नाही हे तिचा संगणक पाहतच नव्हता. त्याला फक्त दूरवरचा परिणाम दिसत होता, तोही वाफ इंजिनात शिरल्यावर. वाफ बाहेर जात असल्याची खूण ओळखणारे साधन त्या गाडीत एकच होते, आणि ते डावीकडच्या सीटवर बसलेले होते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, मोहोळजवळच्या पंपावर टाकी भरली आणि गाडी सुरूच होईना. स्टार्टर फिरतो, इंजिन खोकते, थांबते. पंपावरच्या पोऱ्याने सांगितले, "सर, रेस पूर्ण दाबून मारा." तसे केल्यावर काळा धूर टाकून ती सुरू झाली, पण उभ्याउभ्या थरथरत राहिली. वेग घेतला की ठीक, थांबलो की थरथर. त्याच पोऱ्याने एका मिस्त्रींचा पत्ता दिला. हमरस्त्याला लागून पत्र्याची शेड, दारात वाळूची बादली, आत एक साठीचे गृहस्थ. त्यांनी स्कॅनर उचलला नाही. आधी विचारले, "ही बंद कधी पडती? कवाबी, का पेट्रोल भरल्यावर?"

आम्ही आठवू लागलो. हो, याआधीही दोनदा पंपावरच अडखळली होती.

"टाकी फुल करता?"

"करतो."

"कट झाल्यावर अजून टाकायला सांगता?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग ते तिच्याकडे वळले. "म्याडम, गाडीत वास येतो का?"

तीन महिन्यांत हा प्रश्न तिला प्रथमच कोणीतरी विचारला होता. तिने पर्समधून वही काढून पुढे केली. मिस्त्रींनी चष्मा लावला, पाने उलटली, आणि त्यांचे काळे बोट तारखांवरून फिरू लागले. जिथे जिथे लिटरचा आकडा मोठा होता, तिथे त्याच किंवा दुसऱ्या दिवशी समासात 'वास' होता. जिथे पाचशे रुपयांचेच पेट्रोल भरले होते, तिथे समास कोरा होता. पुढेही दोन ठिकाणी तिने 'दु. ३' असे लिहिले होते. म्हणजे उन्हात उभी राहिल्यावर. त्याने ही वही दर महिन्याला बेरजेसाठी पाहिली होती. बेरजा बरोबर होत्या.

पुढचे सगळे अर्ध्या तासात झाले. मिस्त्रींनी बॉनेट उघडून पर्ज व्हॉल्व्हची वायर काढली, म्हणजे आता ती झडप मिटायला हवी. इंजिन चालू ठेवून कॅनिस्टरकडून येणारी नळी झडपेवरून उपसली आणि त्याला बोट लावायला सांगितले. बोट ओढले गेले. "वीज न्हाई, तरी ओढतंय बगा. उघडी पडलीय." नळी पुन्हा बसवली आणि आता कुठे स्कॅनर लावला. मिश्रण ताळ्यावर आणण्यासाठी संगणक इंजेक्टरचे पेट्रोल किती टक्के कापतो आहे तो आकडा उणे चोवीस होता. पक्कडीने त्यांनी नळी हळूच चिमटली. आकडा सरकत सरकत उणे पाचवर आला, थरथर थांबली. सोडली, पुन्हा खाली. असे तीनदा. नवा भाग न लावता, रुपयाही खर्च न करता, केवळ एक वाट बंद करून पाहणे. सेन्सर बदलण्याआधी हे करायला कोणाला तीन मिनिटे लागली असती?

मग इंजिन थंड होऊ दिले. झडप काढून फुंकली, हवा आरपार गेली. हातावर उलटी आपटली तेव्हा तळव्यावर काळे चार-पाच कण पडले, मोहरीपेक्षा बारीक. कोळशाचे. त्यांतलाच एखादा झडपेच्या ओठात अडकून तिला मिटू देत नव्हता. गाडीखालून कॅनिस्टर निघाला तो हाताला जड लागला आणि कलता केल्यावर त्यातून चक्क पेट्रोल ओघळले. वाफेसाठी केलेल्या डब्यात द्रव शिरले होते. भिजलेला कोळसा नवी वाफ धरू शकत नाही, म्हणून ती हवेच्या तोंडातून बाहेर पडे: तिचा वास. दाणे झिजून नळीतून झडपेत गेले, झडप उघडी राहिली, वाफ वेळीअवेळी इंजिनात शिरली: त्याचा संकेत. टाकी भरताना आतली सगळी वाफ या उघड्या वाटेने पुढे रेटली जाई, म्हणून गाडी नेमकी पंपावरच गुदमरत होती.

डब्यात द्रव शिरले कसे, याचे उत्तर आम्हाला मिस्त्रींनी दिलेच होते. नोझल आपोआप बंद होते ते टाकीत वरची जागा वाफेसाठी मोकळी राहावी म्हणून. त्यापुढे थेंब थेंब घातलेले पेट्रोल वाफेच्या वाटेला लागते. पंपावर रक्कम राउंड करण्याची आपल्याकडे रीतच आहे. आमचे मात्र त्याहून थोडे वेगळे होते. आमचे मानधन महिन्याला येत नाही. येते तेव्हा तीन-चार महिन्यांचे एकदम येते. ते आले की प्रथम वाण्याची उधारी, मग मुलीच्या शिकवणीची फी, आणि मग गाडीची टाकी. पुढचे कधी येईल ते ठाऊक नसल्याने ती काठोकाठ भरायची. नोझल कट झाले की तो म्हणायचा, "अजून बसेल." आणि ती खिडकीतून म्हणायची, "हलवून बघा हो जरा." या एका ठिकाणी 'आम्ही' हे सर्वनाम पूर्णपणे खरे आहे. झडपेतले ते चार-पाच कण दोघांचे होते.

नवी झडप चौदाशे पन्नासची, कॅनिस्टर जुन्या बाजारातून सोळाशेला, मजुरी चारशे. आधीच्या दोन दुरुस्त्यांच्या निम्मेही नाही. सेन्सरचे पैसे गेले ते गेले. मिस्त्रींनी तो जुना सेन्सर मागितला. तो सर्व्हिस सेंटरने परत दिलाच नव्हता.

त्या रात्री घरी परतल्यावर आमच्यात जे बोलणे झाले ते सर्व येथे देता येणार नाही. तो म्हणाला की त्याला वास येत नाही म्हणून त्याने वास नाही असे मानले. तिने यावर सांगितले की वास येत नाही हे दुःख समजण्यासारखे आहे, पण एवढेच असते तर त्याने तिला विचारले असते. तिचे न ऐकण्याची सवय त्याला करोनाच्या आधीपासूनची आहे. तिने तीन उदाहरणे दिली. दोन त्याला आठवत होती. तिसऱ्यावर वाद झाला, आणि ती दुसऱ्या दिवशी २०१६ ची वही काढून घेऊन आली. आम्ही या लेखाचा पहिला मसुदा त्याने लिहावा असे ठरवले होते. तो 'वास येत असल्याचे लक्षात आले' अशा वाक्याने सुरू होत होता. तिने लाल शाईने विचारले: कोणाच्या?

डिसेंबरात, ऊसगाळपाच्या दिवसांत, संध्याकाळी परतताना ती अचानक म्हणाली, "वास येतोय." त्याने इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले. "कसला? केव्हापासून?" तिने काच पूर्ण खाली केली आणि थोडा वेळ तशीच बसली. पलीकडे अंधारात साखर कारखान्याचे दिवे दिसत होते.

"मळीचा," ती म्हणाली. "गाडीचा नाही. चल."

त्याने तरी उतरून एकदा झाकण पाहिले.